अकरा ओळी

“त्या अकरा ओळी काल नीट चालल्या म्हणून बरं, नाहीतर आपलं काही खरं नव्हतं,” गेरलिंडे म्हणाली आणि खसखशीच्या पावाचा शेवटचा तुकडा तिनं तोंडात टाकला. ट्राम वळणावर करकरली. प्रोफेसर एगोन लाखनिट तेव्हा समोर बसलेल्या एका जाड माणसाच्या मानेकडे पाहत होता. मानेला तीन घड्या होत्या, त्या प्रत्येक धक्क्याबरोबर एकमेकींवर बसत होत्या, आणि असल्या मानेच्या माणसालाही मत देण्याचा हक्क असतो ही गोष्ट त्याला रोजच्यासारखीच हास्यास्पद वाटत होती. त्यामुळे गेरलिंडेचं वाक्य त्याला ऐकू आलं, पण पोचलं नाही. एक थांबा मागे पडल्यावर ते पोचलं.

“कुठल्या अकरा ओळी?”

“अहो, निरोप पाठवायच्या. मी नेहमी हलवते त्या.” तिनं बोटांना लागलेली साखर रुमालाला पुसली. “लेखनिक त्या अगदी आतल्या, पुन्हा पुन्हा चालणाऱ्या फेऱ्यात टाकतो ना, मग मी बाहेर काढते. कालच्या त्या पुराच्या प्रोग्राममध्ये जरा जास्तच गुंता होता. म्हणून नव्यानंच लिहिल्या.”

“हातानं?”

“मग कशानं?” ती हसली. तिच्या पुढच्या दाताला खसखशीचा एक काळा दाणा चिकटला होता. मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि हसू आवरलं. “प्रोफेसर, तुम्हाला माहीत होतं ना?”

लाखनिटच्या डाव्या बुटात पाणी शिरलं होतं आणि मोजा हळूहळू गार होत होता, एवढंच त्याला स्पष्ट जाणवत होतं. नोव्हेंबरातल्या व्हिएन्नाच्या ट्राममध्ये ओल्या लोकरीचा जो वास कोंडतो, कुत्र्यांचा आणि म्हाताऱ्यांचा, तो एकदम नाकात भरला. लेखनिक म्हणजे त्याची चौदा वर्षं. संस्थेच्या तळघरात चौसष्ट प्रोसेसरांचं एक यंत्र होतं. प्रत्येकाची स्मृती वेगळी, एकाला दुसऱ्याच्या स्मृतीतलं काही दिसायचं नाही. चौसष्ट कारकून चौसष्ट बंद खोल्यांत बसवावेत तसं. शेजाऱ्याजवळचा आकडा हवा असेल तर शेजाऱ्यानं तो निरोपात घालून पाठवायचा आणि तो येईपर्यंत आपण हात बांधून बसायचं. असल्या यंत्रासाठी माणसानं प्रोग्राम लिहायचा म्हणजे जिवावरचं काम. कुणी, कधी, कुणाला, काय पाठवायचं हे सगळं स्वतः मांडायचं, आणि एक निरोप चुकला की चौसष्टच्या चौसष्ट एकमेकांची वाट पाहत मुके होऊन बसणार, कुणीतरी वीज बंद करेपर्यंत. लाखनिटनं लिहिलेला लेखनिक हा प्रोग्राम हे सगळं आपण होऊन करायचा. एका साध्या यंत्रासाठी लिहिलेला जुना प्रोग्राम त्याला द्यायचा. तो आकड्यांची वाटणी करी, कुणाचा आकडा कुणाकडे ते ठरवी, निरोपांच्या ओळी घाली आणि चौसष्टांसाठीचा नवा प्रोग्राम सबंध लिहून देई. माणसाचा हात न लागता. हे शेवटचे शब्द तो प्रत्येक व्याख्यानात उच्चारायचा, आणि उच्चारण्याआधी जरासा थांबायचा. काल परीक्षण समितीपुढेही थांबला होता. प्रोग्राम चालू असताना हात पाठीमागे घेऊन उभा राहिला होता, ते रिकामे आहेत हे सगळ्यांना दिसावं म्हणून.

“किती वेळा केलंस हे?”

“काय?”

“हे. हलवणं.”

ती छताकडे बघत आठवू लागली. “म्युनिकच्या निबंधात केलं होतं. ग्रनोबलच्या तक्त्यात तर सगळीकडेच. मग ते हवामानाचं...” तिनं बोटं मोजणं सोडून दिलं. “तीन वर्षं तरी झाली असतील. मी आल्यापासूनच. आकडे खोटे नाहीत हं, प्रोफेसर. प्रोग्राम खरोखरच तेवढा जलद धावतो.”

“आणि तुला हे मला सांगावंसं वाटलं नाही.”

“तुम्ही कधी विचारलंच नाही. मला वाटलं, माहीत आहे म्हणूनच विचारत नाही.” आणि मग अगदी साधेपणानं, “लेखनिकानं लिहिलेलं वाचायचं नसतं, असं तुम्हीच म्हणता की.”

ते तो म्हणायचा खरं. यंत्रानं यंत्रासाठी लिहिलेलं वाचणं म्हणजे गटारात डोकावून पाहणं, असं तो विद्यार्थ्यांना सांगायचा आणि विद्यार्थी हसायचे. गेरलिंडे वुर्ट्सिंगर त्यावर कधी हसली नव्हती हे आता त्याच्या लक्षात आलं. तीन वर्षांपूर्वी ती वाल्डफियर्टेलच्या कुठल्याशा बटाट्यांच्या गावातून डॉक्टरेट करायला आली, आईनं विणलेली लोकरी टोपी घालून, आणि ती टोपी तिनं अजून टाकली नव्हती. लाखनिटनं तिला कामाची पण मंद अशा वर्गात टाकून दिलं होतं. तो सांगायचा, ती मान हलवायची, वहीत लिहून घ्यायची, आठवड्यानं आकडे आणून ठेवायची. तो ते आकडे पाहून लेखनिकाचं मनातल्या मनात कौतुक करायचा. तिचं करायचं कधी त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. तोलकाट्याचं कोण कौतुक करतं?

हातानं काम करणाऱ्या माणसांविषयीची त्याची घृणा जुनी होती. एकसष्ट साली, सव्विसाव्या वर्षी, तो गणनकेंद्रात लागला तेव्हा तिथे वावरा नावाचे एक इंजिनियर होते. करड्या डगल्यात, कानाला पेन्सिल. यंत्राच्या स्वतःच्या आकड्यांतच ते प्रोग्राम लिहायचे, एकेक आकडा, शिंप्यानं काज करावं तसा. पेन्सिलींची टोकं सुईसारखी करून ठेवायचे आणि लाखनिट ज्यात प्रोग्राम लिहायचा त्या फोरट्रानला आळशांची भाषा म्हणायचे. एकदा सगळ्यांसमोर तुलना झाली. वावरांचा प्रोग्राम लाखनिटच्या प्रोग्रामपेक्षा पाचव्या हिश्शानं जलद धावला. लाखनिट म्हणाला, “वावरासाहेब, तुम्हाला पाच आठवडे लागले, मला दोन दिवस. उरलेल्या दिवसांत मी पोहायला गेलो.” सगळे हसले. वावरा हसले नाहीत, पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली. दोन वर्षांत फोरट्रानचं भाषांतर करणारे प्रोग्राम इतके सुधारले की वावरांचा तो पाचवा हिस्साही गेला, आणि ते पेन्शनीत निघेपर्यंत भांडारात फितींवर चिठ्ठ्या चिकटवत राहिले. लाखनिटला त्यांची कीव आली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. उलट त्या दिवसापासून त्याला आपल्या आयुष्याची दिशा सापडली. एकदा झालं ते पुन्हा होणार. चौसष्टांचं यंत्र आलं, जगभर पुन्हा माणसं हातानं निरोप लिहायला बसली, डोळे लाल करून, आपल्या कौशल्यावर खूष होऊन, आणि त्या सगळ्यांना एक दिवस भांडारात पाठवायचं हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

ट्राममधून उतरल्यावर तो तिच्यासाठी न थांबता पुढे चालू लागला. “प्रोफेसर, समिती अकराला आहे,” ती मागून ओरडली. जणू तो विसरणार होता.

खोलीत येऊन त्यानं ओला कोट तसाच खुर्चीवर टाकला आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा लेखनिकानं लिहिलेलं उघडून वाचायला घेतलं. ते भयंकर होतं. पानंच्या पानं, टी-चारशे सतरा, टी-चारशे अठरा अशी आंधळी नावं, जिथे एक अट पुरली असती तिथे नऊ अटी, आणि प्रत्येक आकड्यासाठी वेगळा निरोप. एकेक आकडा स्वतंत्र पाकिटात घालून, पाकिटावर पूर्ण पत्ता लिहून. सरकारी कचेरीतला सगळ्यात मठ्ठ माणूसही असं करणार नाही, असं त्याच्या मनात आलं आणि मग हे आपणच शिकवलेलं आहे हे आठवलं. तासाभरानं त्याला त्या अकरा ओळी सापडल्या. शोधाव्या लागल्याच नाहीत, नजर आपोआप थांबली. भोवतालच्या रेताडात कुणीतरी झाडून घेतल्यासारखी ती जागा होती. गेरलिंडेनं पाकिटं एकत्र बांधली होती, एका शेजाऱ्याला एकच गठ्ठा. तो गठ्ठा आधी रवाना करायचा, तो वाटेत असताना प्रत्येकानं आपल्या हद्दीतलं मधलं गणित उरकून घ्यायचं, आणि शेजाऱ्याच्या आकड्यांवर अडलेलं कडेचं गणित तेवढं मागाहून करायचं. चुलीवर पाणी ठेवून मग भाजी चिरायला घ्यावी इतकं साधं. ही युक्ती त्यानं कुठल्याशा निबंधात वाचली होती आणि क्षुल्लक म्हणून सोडून दिली होती. समासात ‘कारागिरी’ असा शेरा मारल्याचंही त्याला आठवलं.

त्यानं त्या ओळी काढून टाकल्या, लेखनिकाचं मूळ लिखाण जसंच्या तसं परत बसवलं, आणि प्रोग्राम चालू केला.

एका प्रोसेसरवर हे पुराचं गणित पन्नास मिनिटांत व्हायचं. काल समितीपुढे चौसष्टांनी ते दोन मिनिटांत केलं होतं. आता दहा मिनिटं झाली, वीस झाली. पडद्यावरचा चौकोन नुसता उघडझाप करत होता. पलीकडच्या खोलीत कुणीतरी नाक शिंकरत होतं, एकदा, दोनदा, मग बराच वेळ नाही, आणि पुढच्या शिंकरण्याचीच लाखनिट वाट पाहू लागला. हेर्टा म्हणायची, “तू माणसांकडे असं बघतोस, जशी ती चुकून छापली गेलीत.” हेर्टा त्याची बायको, नऊ वर्षांपूर्वी साल्झबुर्गला एका दाताच्या डॉक्टरकडे राहायला गेली. जाताना भांडली नाही. कपाटातले तिचे हँगर तेवढे वेगळे काढले. त्यालाही तेव्हा वाटलं होतं ते एवढंच, की दाताचा डॉक्टर! दुसऱ्याच्या तोंडात दिवसभर हात घालणारा माणूस! त्या एका विचारावर त्यानं तो सगळा हिवाळा काढला होता. माणसाला जगायला फार थोडं लागतं. एखाद्याला तुच्छ लेखता आलं तरी पुरतं.

चाळीस मिनिटं झाल्यावर तो तळघरात गेला. यंत्राच्या कपाटावर दिव्यांच्या आठ रांगा होत्या, रांगेत आठ. जो प्रोसेसर काम करत असेल त्याचा दिवा पेटायचा. काल ते कपाट रोषणाई केल्यासारखं सगळंच्या सगळं लखलखत होतं आणि समितीतले लोक लहान मुलांसारखे तोंड उघडे टाकून बघत होते. आता एक दिवा पेटला होता. तो विझला, शेजारचा पेटला. तो विझला, त्याच्या शेजारचा. त्रेसष्ट जण अंधारात बसून एकाची वाट पाहत होते, आणि तो एक जण पाकिटावर पत्ता लिहीत होता. पंख्यांचा एकसुरी आवाज येत होता. लाखनिट किती वेळ तिथे उभा राहिला कुणास ठाऊक. संतापायला हवं होतं. त्याऐवजी त्याला एक चमत्कारिक, ओशाळवाणी भूक लागली, परीक्षेत नापास झालेल्या पोराला लागते तसली.

वर आला तेव्हा पडद्यावर उत्तर होतं. बरोबर होतं. एक तास, बारा मिनिटं. म्हणजे चौदा वर्षं खपून त्यानं चौसष्ट यंत्रांना एकाहून मंद करून दाखवलं होतं.

हे समितीला सांगायचं, असं त्यानं ठरवलं ते प्रामाणिकपणामुळे नव्हे. प्रामाणिकपणा ही रविवारी चर्चला जाणाऱ्यांची करमणूक आहे असं त्याचं मत होतं. पण हे गुपित एका लोकरी टोपीखाली आहे, ती मुलगी उद्या परवा केव्हाही पाव खाताखाता ते कुणालाही सांगेल, आणि त्याहून वाईट म्हणजे सांगणार नाही, सांभाळून घेईल, हे त्याला सोसवेना. त्यापेक्षा कोसळणं बरं. पायऱ्या उतरताना ते कोसळणं त्याला दिसूही लागलं. मंत्रालयातले बडे अधिकारी होफ्राट पेर्न्टनर यांचे थरथरणारे ओठ, इंग्लंडहून आलेल्या डॉक्टर अ‍ॅशडाउनबाईंचा गोठलेला चेहरा, मागे घेतलेले निबंध, परदेशी मासिकांतली पत्रं. त्या चित्रात त्याला चक्क सुख वाटत होतं. इतक्या उंचीवरून पडायला आधी तिथे असावं लागतं.

सभेच्या खोलीत कॉफी आणि चाकाएवढा अक्रोडाचा केक होता. होफ्राट पेर्न्टनर केक कापत होते. लाखनिट बसला नाही. त्यानं उभ्यानंच, न थांबता सगळं सांगितलं. अकरा ओळी, तीन वर्षं, सगळे तक्ते, आणि आज सकाळचे एक तास बारा मिनिटं. त्यानं आवाज जराही हलू दिला नाही. सांगून झाल्यावर सुरी बशीवर ठेवल्याचा आवाज झाला.

“अहो, बसा की तुम्ही,” होफ्राट म्हणाले. “केक घ्या.”

“मी काय बोललो ते आपल्याला कळलं का?”

“कळलं हो. त्यात न कळण्यासारखं काय आहे?” होफ्राटनी अ‍ॅशडाउनबाईंकडे पाहिलं. “तुम्हीच सांगा बाई यांना. मला यांच्या त्या निरोपांतलं काही समजत नाही.”

अ‍ॅशडाउनबाई साठीच्या, उंच, ढगळ स्वेटर घातलेल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. “लाखनिट, काल तो आकडा पाहिला तेव्हाच मी ओळखलं. दोन मिनिटं? असला आकडा आपोआप कुणालाच मिळत नाही. माझ्याकडे तर हेच करायला तीन माणसं आहेत. तुमच्याकडे एकटीच आहे म्हणता? कमाल आहे हो!” आणि त्या मोकळेपणानं हसल्या. त्या हसण्यात कुचेष्टा असती तर त्यानं ती आनंदानं झेलली असती. कुचेष्टा नव्हती. “मला वाटलं, तुम्ही ते ‘हात न लागता’ वगैरे म्हणता ते आपलं म्हणायचं म्हणून म्हणता.”

“म्हणजे इतकी वर्षं कुणाचाच विश्वास नव्हता?”

“विश्वास?” बाईंना शब्द परका वाटला असावा. “तुम्ही फार छान बोलता, लाखनिट. सगळ्यांना ऐकायला आवडतं.”

“आणि अहवाल?”

“काल दुपारीच टाइप झाला,” होफ्राट म्हणाले. “‘उत्कृष्ट’ दिलंय. आणखी तीन वर्षं अनुदान. पैसे देणाऱ्या ब्रसेल्सलाही हवंच आहे, ‘आपोआप’ हा शब्द त्यांच्या योजनेच्या नावातच आहे. आता बदलायचं म्हणजे पुन्हा सगळ्यांच्या सह्या. कुणाला हौस आहे?”

लाखनिटनं अहवाल पुढ्यात ओढला आणि सहीच्या जागेच्या वर, समासात, पेननं लिहिलं: कालच्या प्रोग्राममधल्या अकरा ओळी गेरलिंडे वुर्ट्सिंगर यांनी हातानं लिहिल्या आहेत, त्या काढल्यास तो निरुपयोगी आहे. मग खाली सही केली.

“अरे देवा, पेननं कशाला लिहिलंत!” होफ्राट पहिल्यांदाच खरोखर चिडले. “आता हे पान पुन्हा टाइप करायला लागणार!”

ते पान पुन्हा टाइप झालंही. तीन आठवड्यांनी प्रत आली तेव्हा त्यात ती ओळ नव्हती. सही मात्र कुणीतरी जमवून घेतली होती, आणि ती लाखनिटच्या नेहमीच्या सहीपेक्षा सुबक होती. पण ते पुढचं. त्या दिवशी तो जिन्यातून उतरत असताना अ‍ॅशडाउनबाई मागून आल्या आणि म्हणाल्या, “त्या तुमच्या विद्यार्थिनीला विचारा, इंग्लंडला येईल का. डॉक्टरेट झाल्यावर. मी मागे लागत नाही, पण विचारा.” तो जिन्यातच थांबला. ज्यांना त्यानं आयुष्यभर मूर्ख ठरवलं होतं ते सगळे त्याच्याहून शहाणे निघाले होते, हे तर होतंच. पण ते शहाणे असूनही क्षुद्रच होते. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि कशाचंच काही वाटत नव्हतं. त्यांचा तिरस्कार त्याला पूर्वीसारखाच करता येत होता, किंबहुना आता सकारण करता येत होता. फक्त त्या तिरस्कारानं आजवर जी ऊब यायची ती येत नव्हती.

गेरलिंडे उपाहारगृहात मसूर आणि पिठाचे उकडलेले गोळे खात बसली होती. तो समोर येऊन बसला तशी तिनं चमचा खाली ठेवला.

“काय झालं?”

“उत्कृष्ट.”

“मग झालं तर!” तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि पुन्हा चमचा उचलला. “मला उगाच धास्ती. तुमचा चेहरा बघून वाटलं होतं, आता काहीतरी करून बसणार हे.”

“अ‍ॅशडाउनबाई तुला इंग्लंडला बोलावताहेत.”

ती लाल झाली. टोपी टेबलावर होती, तिचं टोक ती चिमटीत फिरवू लागली. “उन्हाळ्यानंतर जाईन म्हणते,” ती म्हणाली. लगेच म्हणाली. म्हणजे तिनं विचार आधीच करून ठेवला होता, आणि कुणी बोलावेल ही खात्रीही तिला होती. तीन वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला हेही ठाऊक नसावं!

“गेरलिंडे,” लाखनिट म्हणाला, “त्या ओळी कुठे न्यायच्या हे तू कशावरून ठरवतेस?”

“कशावरून म्हणजे? बघते.”

“काय बघतेस?”

“कडेचं गणित किती आहे ते. आणि आकडे पुढे कुणाला लागणार आहेत ते. आणि...” ती अडखळली. “तसं नेहमीच नाही. बघितलं की कळतं.”

हे वाक्य दुसऱ्या कुणी, काल, त्याच्यासमोर म्हटलं असतं तर त्यानं त्या माणसाला चार शब्दांत सोलून ठेवलं असतं. ते चार शब्द त्याच्या जिभेवर आलेही, झिजून गुळगुळीत झालेले, तयार. त्यानं ते गिळले. तिच्या बशीखालचा कागद ओढून घेतला, उलटा केला, खिशातून पेन काढलं.

“आता बघ,” तो म्हणाला. “कालचाच प्रोग्राम, डोळ्यांपुढे आण. आणि बघताना मोठ्यानं बोल.”

“आत्ता? जेवण निवेल.”

“निवू दे.”

तिनं वैतागून बशी बाजूला सारली आणि बोलू लागली. तो लिहू लागला. तिसऱ्या वाक्याला ती म्हणाली, “नाही, थांबा, तसं नाही,” आणि त्यानं खोडलं. पुन्हा लिहिलं. ती वाकून उलटीकडून वाचत होती. “नाही हो, हे आधी नाही. तुम्ही फार घाई करता.” त्यानं खोडलं. आजूबाजूला बशा आदळत होत्या, रांगेतल्या कुणाच्या तरी ओल्या छत्रीचं पाणी त्याच्या पाठीवर टपकत होतं. पान भरत आलं तेव्हा त्यावर खोडलेलंच जास्त होतं, आणि जे उरलं होतं त्याचाही त्याला नीट अर्थ लागत नव्हता.

गेरलिंडेनं त्याच्या हातातलं पेन जवळजवळ हिसकावून घेतलं. “इतकं साधं कळत नाही तुम्हाला?”

“नाही,” लाखनिट म्हणाला आणि दुसरा कागद शोधू लागला.